धाकटीकडे शून्य

सोमवार, ३

दूध करपलं. बस्स, एवढंच झालं! पातेलं काळं झालं, स्वयंपाकघरात धूर झाला, शेजारची नर्स धावत आली, तिने खिडक्या उघडल्या. इथवर ठीक. पण मग तिने थोरल्याला फोन केला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मी काय करत होते? नातीला फोनवर गणित घालत होते. थोरल्याची मुलगी, नववीत आहे. बीजगणित म्हटलं की तिच्या पोटात दुखतं. पुस्तकात एक हौद आहे. दोन नळांनी भरतो आणि तिसऱ्याने रिकामा होतो. या मुलीने जन्मात हौद पाहिलेला नाही! म्हटलं, हौद सोड. मोबाइल घे. चार्जरला लावलास की तासाला चाळीस टक्के चढतो. पण लावलेला असतानाच तू व्हिडिओ बघत बसतेस, म्हणून तासाला पंधरा टक्के उतरतो. दहावर लावलास, तर पंच्याऐंशीला पोचायला किती वेळ?

"तीन तास," ती म्हणाली. आणि लगेच, "आजी, आणि मी व्हिडिओ बघितलाच नाही तर?"

बघा! पुढचं गणित पोरीने आपलं आपण काढलं. मी इकडे खुर्चीत उड्या मारतेय आणि मागे दूध गेलं.

गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हापासून डाव्या मनगटाला पट्टी आहेच. आता हे दूध. थोरल्याला दोन बिंदू मिळाले. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, आणि ती सरळ त्याच्या घरी जाते.

मंगळवार, ४

सकाळी थोरल्याचा फोन. मग मधल्याचा. मग दोघांचा एकदम! तशीही सोय आहे म्हणे.

"आई, तुला आता एकटीला होत नाही."

होत नाही म्हणजे काय? तिसरा मजला चढते. भाजी आणते. नर्सच्या चाव्या सांभाळते. चाळीस वर्षं गणित शिकवलं, पोरं मला मागून 'समजाबाई' म्हणायची. समजा क्ष, समजा य! त्यातली अर्धी आज इंजिनियर आहेत, उरलेली अर्धी मला रस्त्यात बघून अजून लपतात. आणि मला होत नाही?

लिहून ठेवते. 'मला एकटीला होत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून कधीही निघणार नाही. जीभ झडली तरी.

गुरुवार, ६

तिघांचा एक ग्रुप आहे, त्यात आज मला घेतलं. म्हणजे आधी माझ्याविना चालू होता. मी बोटाने वर वर सरकवत सगळं वाचून काढलं. त्यांना वाटलं म्हातारीला जमणार नाही.

थोरला : पुढच्या एक तारखेपासून आईने वर्षभर आपल्याकडेच राहायचं. तिकडच्या घराला कुलूप.

मधला : माझ्याकडे जागा कमी आहे.

थोरला : बरं, माझ्याकडे तुझ्या दुप्पट महिने ठेवू. (वा रे बहाद्दर!)

मधला : आणि धाकटीने? आपल्या दोघांचे मिळून होतील त्याच्या एक तृतीयांश तरी तिने करावेत.

थोरला : चालेल.

धाकटी म्हणजे माझी मुलगी. तिने काहीच लिहिलेलं नाही.

मला कुणी विचारलं? छे! कपाटाला विचारतात का, बाबा रे, कुठल्या खोलीत उभा राहतोस म्हणून?

उठून फळ्यासमोर उभी राहिले. हे गेल्यावर मी स्वयंपाकघराची एक अख्खी भिंत काळी रंगवून घेतली. हे असते तर म्हणाले असते, अगं, ओट्यावर खडू पडतो. हो, पडतो. पुसते मी.

राग आला की मी गणित मांडते, ही जुनी खोड आहे. माणसं दिवसभर जे बोलतात त्यात 'दुप्पट', 'पेक्षा', 'मिळून' असे शब्द असतातच. ते तेवढे वेचायचे, बाकीचा पाल्हाळ टाकून द्यायचा, की भांडणाचंही समीकरण होतं. मांडलं आणि ग्रुपवर पाठवून दिलं :

'एका बाईला तीन मुले आहेत. तिने वर्षाचे बारा महिने तिघांकडे राहावे असे (बाईला न विचारता) ठरले. थोरल्याकडे मधल्याच्या दुप्पट महिने. धाकटीकडे थोरला व मधला यांच्या महिन्यांच्या बेरजेचा एक तृतीयांश. तर कोणाकडे किती महिने? पायऱ्या दाखवा. मुदत रविवार.'

आता पळा म्हणावं.

शनिवार, ८

अजून एकाचंही उत्तर नाही. शाळेत असतानाही तिघं शेवटच्या दिवशीच जागे व्हायचे.

रविवार, ९

थोरल्याचं उत्तर आलं. स्वतःकडे तीन, मधल्याकडे सहा, धाकटीकडे तीन. मी डोक्याला हात लावला!

ही त्याची चौदाव्या वर्षापासूनची चूक. 'थोरल्याकडे मधल्याच्या दुप्पट' वाचलं की हा थोरल्यालाच दोनाने गुणतो. अरे, जो मोठा आहे त्यालाच दोनाने गुणलंस आणि दुसऱ्याच्या बरोबर ठेवलंस, तर दुसरा त्याच्या दुप्पट नाही का होणार? शंभर वेळा सांगितलं असेल. आता कानशिलं पांढरी झाली त्याची, दोन मात्र अजून चुकीच्या बाजूला.

लगेच मधला पेटला. "सहा महिने? माझ्याकडे? हे ठरलं होतं का?" मग दोघांची जुंपली. मी चहा करून निवांत वाचत बसले. देव अशी करमणूक रोज देत नाही.

मधल्याने स्वतः पाठवलं ते नुसतं '६, ३, ३'. बरोबर आहे. पायरी एक नाही! तोही तसाच. नोकरी बदलली, गाव बदललं, लग्न ठरवलं, मला आयुष्यभर त्याने थेट उत्तरच कळवलं आहे. अर्धे गुण दिले.

संध्याकाळी धाकटीचं आलं. दोन शब्द.

'माझ्याकडे शून्य.'

मला कुणाकडेच जायचं नाही, हे खरंच आहे. पण शून्य? एक म्हणायचं. अर्धा म्हणायचं, गं! चार दिवस ये आई, म्हणायचं. जिच्या परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे उठून तिच्या शेजारी नुसती बसून राहायचे, तिच्याकडे माझ्यासाठी शून्य.

डोळ्यांत पाणी आलं. इथे लिहायला कसली लाज?

सोमवार, १०

दुपारी न राहवून तिला फोन केला. मागे गाड्यांचे हॉर्न. म्हटलं, "ऑफिस सोडून रस्त्यावर काय करतेस?" म्हणाली, "जरा बाहेर पडलेय." म्हटलं, "तुझ्या शून्याचा अर्थ काय समजू मी?"

"आई, ते शून्यच राहू दे. नंतर बोलू आपण."

मग मधेच विचारते, "माझ्या खोलीत आता काय असतं गं?"

"जुन्या पेपरांचे गठ्ठे."

"कॉटवरपण?"

"कॉटवरपण. का?"

"काही नाही. असंच."

असंच! मला काय कळत नाही? थोरला कुलूप लावायला निघालाय आणि ही जागा मोजतेय. तिघं एकाच माळेचे मणी. आणि जावयाचा तर फोनच नाही. एरवी मला शिंक आली तरी तो फळं घेऊन दारात. भर समारंभात सगळ्यांसमोर मी त्याला शंभरपैकी शंभर दिले होते, असा जावई. त्यालाही हिनेच गप्प बसवलं असणार.

बुधवार, १२

भाजीवाल्याकडे उभी असताना डोक्यात शून्य. न्हाणीघरात शून्य. कपबशीकडे बघितलं तर तीही गोल. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही! माझ्याबद्दलच लिहितेय.

शुक्रवार, १४

सापडलं!!

सकाळी फळ्यावर सहज तिचं शून्य घालून बघितलं. धाकटीकडे शून्य. पण धाकटीकडचे महिने म्हणजे दोघा भावांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. तिसरा हिस्साच शून्य, तर बेरीज किती? शून्य! आणि महिने काही ऋण होत नाहीत, उणे दोन महिने कुणी कुणाकडे राहत नाही. म्हणजे थोरल्याकडे शून्य, मधल्याकडेही शून्य.

मग बारा महिने गेले कुठे?

इथेच गंमत आहे. या शहाण्यांनी बाईचं स्वतःचं घर गणितात धरलंच नव्हतं! ते धरा. त्याला घ म्हणा. चौघांची बेरीज बारा. तिघांकडे शून्य, म्हणून घ बरोबर बारा.

ताळा केला. थोरल्याकडे मधल्याच्या दुप्पट हवेत : शून्याची दुप्पट शून्य. जमलं. धाकटीकडे बेरजेचा तिसरा हिस्सा : शून्याचा तिसरा हिस्सा शून्य. जमलं. त्यांची एकही अट मी मोडली नाही. सगळ्या अटी पाळून बाई आपल्या घरी बारा महिने!

पोरीने माझ्या तोंडावर दार लावलं आणि नकळत किल्लीही माझ्याच हातात दिली. रविवारी तिघांना बोलावलंय. नवा खडू काढून ठेवला.

रविवार, १६

दोघं आले. धाकटीला 'काम आहे'. असू दे.

फळ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या. थोरला पन्नाशीला आला, पण खुर्चीत बसला तो तसाच, पाठ ताठ करून. मी पायरी पायरीने सगळं मांडलं. शेवटी 'घ = १२' लिहून खाली दोन रेघा मारल्या. मधला हसायला लागला. म्हणाला, "दादा, हिला कोण हरवणार?"

थोरला हसला नाही. म्हणाला, "आई, हे गणित नाहीये."

"मग उत्तर कशाला पाठवलंस? तेही चुकीचं!"

तो म्हणाला, "नर्सचा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो. ती 'धूर' म्हणाली आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. गाडी कडेला घेतली. हात चालेनात माझे."

मी खडू खाली ठेवला. हा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मग तोच म्हणाला, "एक अट घालतो. घरात तुझ्याशिवाय आणखी एक माणूस राहायला हवं. रोजचं, रात्रीचं. तसं कुणी मिळालं तर राहा बारा महिने, मी तोंड उघडणार नाही. नाहीतर एक तारखेला गाडी घेऊन येतो."

"अट मान्य," मी म्हटलं. मान्य न करून काय करते? आणि अट घातली की गणित सुटण्यासारखं तरी होतं. नुसत्या काळजीला काय करायचं!

सोमवार, १७

नर्स म्हणाली, औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई खोली शोधतेय. एकटी आहे, नीटनेटकी आहे. बुधवारी बघायला येते म्हणाली.

धाकटीला कळवलं. तिला बोचावं म्हणूनच कळवलं, खोटं कशाला लिहू? म्हटलं, "तुझी खोली भाड्याने देतेय."

म्हणाली, "बरं. दे."

"काही ठेवायचंय का तुझं?"

"नाही. देऊन टाक."

भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १९

औषधवाली येऊन गेली. चाचणी घेतल्याशिवाय मी कुणाला घरात घेणार नाही, हे उघड आहे. म्हटलं, "माझं वय तुझ्या वयाच्या दुपटीहून पाचाने जास्त आहे. मी त्र्याहत्तरची. तर तू?"

ती म्हणाली, "काकू, वय विचारायचंय तर सरळ विचारा की! चौतीस."

उत्तर बरोबर. आणि तोंडही बरं आहे. आवडली मला. चहा दिला. मग ती स्वयंपाकघरात आली, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे सगळं पांढरं करून घेतलं तर इथे मस्त कपाट बसेल."

नापास.

रविवार, २३

नर्सने आणखी दोघींना विचारलं. दोघींनाही तिसरा मजला नको. ज्या जिन्याच्या जोरावर मी मिरवत होते तोच मुळावर उठला!

मंगळवार, २५

थोरल्याने मोकळी खोकी पाठवली. नीट घड्या घातलेली, बरोबर चिकटपट्टीसुद्धा. मी ती उघडलीच नाहीत. दाराआड उभी करून ठेवली.

भीती वाटते. थोरल्या सुनेची नाही, ती चांगली आहे. मला माझी स्वतःचीच भीती वाटते. तिथे मी ओट्याशी जाईन आणि विचारेन, चमचे कुठे असतात गं? ती सांगेल. दुसऱ्या दिवशी परत विचारेन. मग एक दिवस उठून बघणंच सोडून देईन, कुणीतरी आणून देईल म्हणून बसून राहीन. अशी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना सगळे फार जपतात.

नाही! अजून सहा दिवस आहेत.

गुरुवार, २७

मधला आला होता. ओट्याशी उभ्यानेच दोन कप चहा प्यायला. जाताना म्हणाला, "आई, जाऊन तर बघ. नाही आवडलं तर परत ये."

कुलूप लागलेल्या घरात कुणी परत येत नसतं. इथेही हा पायरी गाळतोय.

शुक्रवार, २८

दुपारी नातीचा फोन. वर्गात एकूण चाळीस जण, मुली मुलांपेक्षा सहाने जास्त, तर मुलं किती? तिने मुलींना क्ष मानलं, मांडणी सुरेख केली, क्ष बरोबर तेवीस काढला आणि खाली लिहिलं, उत्तर तेवीस. बाईंनी काट मारली. म्हणून रडकुंडीला आली होती.

"आजी, क्ष तर बरोबर आहे ना?"

"क्ष बरोबर आहे, राणी. पण विचारलंय कुणाबद्दल? मुलांबद्दल. तू ज्याला क्ष मानलंस त्याच्याच मागे लागलीस आणि प्रश्न परत वाचलाच नाहीस. मुलं सतरा."

"हो की!" म्हणाली. ठेवला फोन.

मी फोन ठेवला आणि समोर फळा. माझंच गणित अजून तिथे होतं, दोन रेघांसकट. प्रश्न परत वाचला. 'एका बाईला तीन मुले आहेत.' बाईने कुठे राहायचं, बाईला कोण ठेवणार, बाई, बाई, बाई. तीन आठवडे मी स्वतःलाच अज्ञात मानून बसले होते.

'माझ्याकडे शून्य.' ज्याच्याकडे घर असतं तो काय म्हणतो? मधल्यासारखं म्हणतो, जागा कमी आहे. कुरकुरतो, वाद घालतो, सहाचे तीन करतो. शून्य कोण म्हणतं?

भरदुपारी रस्त्यावरचे हॉर्न. 'कॉटवरपण?' जावयाचा फोन नाही. आणि 'बरं. दे.' — आई गं! मी तिची खोली तिला बोचावं म्हणून दुसऱ्याला देत होते!

चाळीस वर्षं वर्गात ओरडले, प्रश्न दोनदा वाचा. मी एकदाही वाचला नाही.

लगेच फोन लावला. काही विचारलं नाही. म्हटलं, "धाकटे, भाडेकरीण नापास झाली. तुझी खोली रिकामी करतेय. कॉटवरचे गठ्ठे तेवढे उचलायचे राहिलेत."

म्हणाली, "दुखऱ्या हाताने गठ्ठे उचलू नकोस."

"मग तू ये उचलायला."

"किती दिवसांसाठी येऊ?" आवाज असा, की पाच वर्षांची होऊन विचारतेय.

म्हटलं, "तो तुझा प्रश्न. मला पायऱ्या नको आहेत."

रविवार, ३०

दुपारी आली. दोन बॅगा आणि एक उशी. उशी घेऊन तिसरा मजला चढली!

दीड महिना झाला तिला ते घर सोडून. मैत्रिणीकडे बैठकीच्या खोलीत झोपत होती. दुपारी नवी खोली बघत फिरायची, ते हॉर्न तिथले. का सोडलं, ते तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. तिचं म्हणणं ऐकताना माझ्या हातातला खडू मोडला, एवढं लिहिते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याला शंभरपैकी शंभर दिले होतेस, आई. सगळ्यांसमोर. तुला ते खोडायला कशी सांगू?"

"त्यात काय आहे? फेरतपासणी असते की! मी कितीदा केली आहे. लाल शाईने खोडायचं आणि बाजूला सही करायची."

मग ती हसली आणि हसता हसता रडली. मी तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. मला ते येतं.

तिन्हीसांजेला दोघींनी मिळून गठ्ठे हलवले. एकदम थांबून म्हणाली, "दादांना काय सांगायचं? मला त्यांचे प्रश्न नकोत गं आत्ता. 'थोडं सोसायचं होतंस', 'परत बोलून बघू', यातलं काही नको. मी इथे का आले म्हणून सांगायचं?"

म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

सोमवार, ३१

सकाळी थोरल्याला फोन केला. म्हटलं, "गाडी आणू नकोस. तुझंच बरोबर होतं रे. मला एकटीला होत नाही. म्हणून धाकटीला म्हटलं, तू ये माझ्याजवळ राहायला. ती तयार झाली बिचारी."

थोरला म्हणाला, "बघ! हेच आम्ही सांगत होतो. आधी ऐकलं असतंस तर?"

"हो रे," मी म्हटलं. "चुकलं माझं."

धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही. गॅसवर दूध होतं, ते वर येईपर्यंत दोघींनीही त्याच्यावरची नजर काढली नाही.